थर्मिक तेलाच्या पंपासाठी बेलोज सील : उद्यमबाग, निपाणी, रायबाग असा तीन दिवसांचा फेरा

बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर, बाचीच्या अलीकडे, आमचे काजूच्या टरफलापासून तेल काढून त्याचे कार्डेनॉल हे रसायन बनवण्याचे लहानसे युनिट आहे. चंदगड आणि खानापूर या दोन्ही बाजूंनी टरफल येते, त्यातून काळपट दाट तेल निघते, आणि ते तेल निर्वात अवस्थेत तापवून ऊर्ध्वपातन केले की कार्डेनॉल हाती लागते. लागणारी उष्णता थर्मिक हीटरमधून २७० अंश सेल्सिअसच्या आसपास फिरणाऱ्या तेलाकडून मिळते आणि ते तेल फिरवणारा पंप बंद पडला की सगळेच बंद पडते. गेल्या वर्षी या पंपाचे मेकॅनिकल सील (फिरणारा शाफ्ट, म्हणजे दांडा, पंपातून बाहेर येतो तिथे गळती रोखणारा भाग) चार महिन्यांत तीन वेळा गळले. पुरवठादाराने धातूचे बेलोज सील घ्या असे सुचवले. त्याने सांगितलेला भाव आमच्या नेहमीच्या सीलच्या जवळजवळ तिप्पट होता. एवढे पैसे केवळ कॅटलॉग वाचून घालण्याऐवजी ही सीले आपल्या भागात जिथे प्रत्यक्ष चालतात, आणि जिथे चालली नाहीत, ती ठिकाणे पाहून यावीत, असे ठरवून जूनच्या अखेरीस मी तीन दिवस काढले.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडेसे. नेहमीच्या सीलमध्ये शाफ्टबरोबर फिरणारा चेहरा, म्हणजे गुळगुळीत सपाट कडे, स्प्रिंगच्या जोरावर स्थिर चेहऱ्यावर दाबून धरलेला असतो, आणि चेहरे झिजतील तसा शाफ्टवरून पुढे सरकणारा एक रबरी ओ-रिंग मागून गळती अडवतो. बेलोज सीलमध्ये तो सरकणारा ओ-रिंगच नसतो. पातळ धातूच्या चकत्या आतल्या व बाहेरच्या कडांना आळीपाळीने वेल्ड करून पेटीच्या भात्यासारखी घडी केलेली असते. तोच भाता स्प्रिंगचे काम करतो आणि तोच गळती अडवतो. चकतीची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. या सीलचे गुण आणि दोष दोन्ही या एका गोष्टीतून निघतात, हे मला तिसऱ्या दिवशी नीट पटले.

पहिला दिवस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सील दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये गेला. आमची तिन्ही निकामी सीले मी न पुसता, काढली तशी प्लास्टिकच्या पिशव्यांत नेली होती, आणि हे मी मागून जाणाऱ्यांना आवर्जून सांगेन, कारण डिझेलने धुतलेले सील काहीच सांगत नाही. तिथल्या वयस्कर कारागिराने, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, सपाटपणा तपासण्यासाठी चेहरे ऑप्टिकल फ्लॅटखाली (अगदी सपाट काचेच्या तबकडीखाली) हेलियमच्या प्रकाशात धरले. या प्रकाशात चेहऱ्यावर दिसणारी एक पट्टी म्हणजे सपाटपणात साधारण ०.२९ मायक्रॉनचा फरक, चांगल्या चेहऱ्यावर दोन-तीन सरळ पट्ट्या दिसाव्यात. आमचे कार्बनचे चेहरे वाईट नव्हते. ओ-रिंग मात्र बांगडीसारखा कडक होऊन तुटला होता आणि त्याच्या मागे, हवेच्या बाजूला, कोळशासारखा थर जमला होता. चेहऱ्यांमधून झिरपणारे थोडेसे गरम तेल हवेला लागले की जळून कोक बनते, तो कोक ओ-रिंगच्या वाटेत बसतो, मग चेहरा पुढे सरकत नाही आणि सील गळते. मी म्हटले, तेल २७० अंशांचे आहे. अण्णा म्हणाले, "साहेब, तुम्ही तेलाचं तापमान सांगताय, मला सीलजवळचं सांगा की."

हा प्रश्न मला कोणत्याही पुरवठादाराने विचारला नव्हता. आमचा पंप जुन्या पद्धतीचा, सीलच्या खोलीभोवती पाण्याचे जॅकेट असलेला आहे. मी तिथूनच आमच्या फिटरला फोन लावून इन्फ्रारेड गनने जॅकेटच्या पाण्याचे आत जाणारे व बाहेर येणारे तापमान पाहायला सांगितले. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे पाणी उष्णता उचलतच नव्हते. संध्याकाळी जॅकेट उघडले तेव्हा बोअरच्या जड पाण्याने आत क्षाराचा जाड पापुद्रा धरलेला दिसला. व्हायटॉनचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराचा, ओ-रिंगसुद्धा २०० अंशांच्या आसपास हात टेकतो. रिफायनरीच्या पंपांसाठीचे एपीआय ६८२ हे मानक तर अशा रबरी जोडाच्या सीलला १७६ अंशांच्या आतच ठेवते. थोडक्यात, चार महिन्यांतल्या तीन बिघाडांचा निम्मा दोष सीलचा नव्हताच. तो आमच्या देखभालीचा होता.

दुसऱ्या दिवशी निपाणीकडे निघालो. बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने, म्हणजे जुन्या चार नंबरच्या रस्त्याने, सुमारे ७५ किलोमीटर आहे. वंटमुरी आणि तवंदी हे दोन घाट पावसात जपून उतरावेत आणि रुंदीकरणाच्या कामामुळे लागणारे वळसे धरून दोन तास हाताशी ठेवावेत. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात दोन थर्मिक पंप शेजारी शेजारी चालताना पाहायला मिळाले, आणि साऱ्या फेऱ्याचे सार्थक तिथेच झाले. पहिला पंप हवेने थंड होणारा होता : इम्पेलर (तेल ढकलणारे फिरते चाक) आणि सील यांच्यामध्ये लांब मान, तिच्यावर पंख, त्यामुळे २५० अंशांचे तेल आत फिरत असताना सीलजवळ मात्र तापमान शंभराच्या थोडे वर. त्यात साधे स्प्रिंगचे सील वर्षानुवर्षे सुखाने चालले होते. तिथे बेलोज बसवणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे. दुसऱ्या पंपात सील थेट गरम तेलातच होते, आणि त्यात धातूचे बेलोज सील होते.

या दुसऱ्या पंपापाशी मी दुपारपर्यंत उभा राहिलो. त्या सीलमध्ये रबर कुठेच नव्हते. जोड लवचिक ग्रॅफाइटचे होते. एपीआय ६८२ मध्ये याला टाइप सी म्हणतात आणि त्याची मर्यादा ४०० अंशांपर्यंत धरतात. टाइप बी सुद्धा बेलोजच, पण त्याचे जोड रबरी असतात, तेव्हा ‘बेलोज’ एवढाच शब्द ऐकून गरम तेलासाठी ऑर्डर देणाऱ्याची फसगत ठरलेली. भात्याचा धातू इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू होता. स्वस्तात मिळणारे एएम ३५० हे पोलाद गरम तेलात चालते, पण ओलाव्याने गंजते. आम्लाच्या कामाला हॅस्टेलॉय सी हा मिश्रधातू मागतात. भाता फिरणारा नसून ग्लँड प्लेटमध्ये (पंपाला बसवलेल्या सीलच्या झाकणात) स्थिर होता, त्यामुळे शाफ्टचा थोडा वाकडेपणा तो सहन करतो. स्थिर भात्याची अडचण अशी की त्याच्या आत जमणारा कोक झटकून टाकायला फिरण्याचा जोर नसतो. म्हणून हवेच्या बाजूने नायट्रोजनची बारीक धार सोडलेली होती. वाफेनेही हे काम होते आणि मोठ्या कारखान्यांत होतेच, परंतु वाफ पूर्ण कोरडी हवी. पाण्याचा थेंब अडीचशे अंशांच्या चेहऱ्यावर पडला की त्याचा स्फोटच होतो आणि कार्बनला फोड येतात. आमच्यासारख्या लहान बॉयलरच्या ओलसर वाफेवर भरवसा ठेवण्यापेक्षा नायट्रोजनचे सिलिंडर बरे, असे माझे मत झाले.

तिथल्या मेन्टेनन्सवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती कॅटलॉगात सापडत नाही. सिस्टीममध्ये नवे तेल भरल्यावर त्यातले पाणी निघून जाईपर्यंत १०० ते १२० अंशांवर सावकाश थांबावे लागते. घाई केली तर पंपात वाफ धरते, चेहरे कोरडे फिरतात, आणि कोरडे चेहरे अडकत-सुटत फिरू लागले की भाता थरथरून शेवटच्या एक-दोन घड्यांच्या वेल्डला चिरतो. आदल्या दिवशी अण्णांनी एक फाटलेले बेलोज सीलही दाखवले होते, ते नेमके तसेच चिरलेले होते.

तिसऱ्या दिवशी रायबाग गाठले. बेळगाव-मिरज रेल्वेमार्गावर चिक्कोडी रोड, रायबाग, कुडची, उगार खुर्द ही स्थानके ओळीने येतात, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला गाडीपेक्षा रेल्वे सोयीची. कृष्णाकाठच्या या साखरपट्ट्यात गळीत हंगाम संपल्यावर पंप उघडलेले असतात आणि जुनी सीले कपाटात नव्हे, टेबलावर मिळतात. म्हणून मे-जून हा जाण्याचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा चढल्या की चिक्कोडी तालुक्यातले सखल पूल पाण्याखाली जातात, आणि गणपतीच्या दहा दिवसांत कोणताही फिटर भेटेल अशी आशा बाळगू नये.

एका कारखान्यात बाष्पीभवनानंतरच्या दाट पाकाच्या पंपाला हौसेने बेलोज सील बसवले होते. पहिला हंगामसुद्धा निघाला नाही. पंप थांबला की चेहऱ्यांमधला पाक वाळून साखर धरते आणि दोन्ही चेहरे गोंदाने चिकटल्यासारखे होतात. मोटर चालू होताच तो सगळा पीळ त्या कागदासारख्या पातळ चकत्यांवर येतो. उरलेल्या घड्यांत साखर व चोथ्याचे तंतू भरून भाता दगडासारखा घट्ट झालेला मी हातात घेऊन पाहिला. तिथला कानडी फिटर, ज्याला मराठी उत्तम येत होते, एवढेच म्हणाला, "सोरतैति, म्हणून बदललं, बदललं तरी सोरतैति." सोरतैति म्हणजे गळते. आता तिथे द्रवाच्या बाहेर स्प्रिंग असलेले दुहेरी सील आणि मधून स्वच्छ पाणी अशी व्यवस्था आहे, व पंप बंद करण्यापूर्वी गरम पाण्याने धुतात. मळीच्या सावकाश फिरणाऱ्या पंपांना तर अजूनही ग्लँड दोरीच (शाफ्टभोवती ठासून भरलेली दोरी) आहे आणि ती तशीच राहावी.

हे पाहून आमच्या आवारातला दुसरा प्रश्नही सुटला. काजू टरफलाचे कच्चे तेल उष्णतेने स्वतःच चिकट होऊन राळेसारखे घट्ट होत जाते. त्याच्या फीड पंपालाही बेलोज बसवावे असा विचार मी घरून घेऊन निघालो होतो, तो रायबागच्या स्टेशनवर सोडून आलो. चिकटणारा, स्फटिक धरणारा, तंतू किंवा गाळ असलेला द्रव असेल तिथे भात्याच्या वाटेला जाऊ नये. गरम, स्वच्छ, पण रबराला न सोसणारा द्रव असेल तिथे मात्र त्याला तोड नाही.

थर्मिक पंपासाठी आम्ही शेवटी ग्रॅफाइट जोडाचे, स्थिर भात्याचे कार्ट्रिज सील, म्हणजे आधीच जुळवून एकसंध आलेले सील, मागवले. मागवताना शाफ्टचा व्यास, सीलच्या खोलीचा (चेंबरचा) व्यास व लांबी, त्या खोलीतला दाब, तिथलेच मोजलेले तापमान, तेलाचा प्रकार, आणि थंड सुरुवातीला तेल किती दाट असते, एवढे कागदावर लिहून द्यावे; पंपाच्या डिस्चार्जचा (बाहेर पडणाऱ्या तेलाचा) दाब देऊन मोकळे होऊ नये, कारण एकेरी जाडीच्या चकत्यांचा भाता साधारण वीस बारच्या पुढे ताणू नये आणि खोलीतला दाब डिस्चार्जपेक्षा पुष्कळ कमी असतो. चेहरे आम्ही कार्बन व सिलिकॉन कार्बाइड घेतले. जॅकेटला आता बोअरचे नव्हे, मऊ केलेले पाणी आहे. ते बेलोज आल्यावरही बंद केलेले नाही, कारण बेअरिंगला तेवढाच आधार.

बसवताना शाफ्टचा रनआउट (फिरताना होणारा डगमग) डायल गेजने पाहिला आणि पाईप तापल्यावर पंपावर ओढ येत नाही ना, हे गरम अवस्थेत पुन्हा तपासले. कार्ट्रिज सीलवर अंतर पक्के ठेवणाऱ्या क्लिपा येतात. त्या शाफ्टला पकडणाऱ्या कॉलरचे स्क्रू कसल्यानंतरच काढायच्या आणि पंप सुरू करण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. त्या क्लिपा फेकून देऊ नयेत. सील पुढे कधी खोलायचे झाले तर कॉलर सैल करण्याआधी त्याच परत अडकवाव्या लागतात, नाहीतर भाता एकदम मोकळा होऊन चांगले सील काढतानाच जाते.