आधी शेपूट बघ

पाण्याखाली लिहायच्या पाटीवर समोरच्या शार्कची लांबी, ‘३ मीटर!!’, अशी खरडून मी भाचीच्या मास्कसमोर धरलं. तिने पेन्सिल काढून घेतली, तीन खोडून ‘१.५’ केलं आणि खाली लिहिलं, ‘शेपूट बघ.’

मालदीवच्या वावू अटोलमधली ती एक कंडू होती. अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं रिंगण आणि कंडू म्हणजे त्या रिंगणातली खिंड. फेब्रुवारीत ईशान्येचे वारे असतात, प्रवाह पूर्वेकडून आत शिरतो आणि भर समुद्रातलं नितळ पाणी घेऊन येतो. शार्क अशा खिंडीच्या तोंडाशीच जमतात. आम्ही २६ मीटरवर, मेलेल्या खडकात हूक अडकवून, दोरीच्या टोकाला पतंगासारख्या फडफडत होतो. पर्यटक डायव्हरांना इथे ३० मीटरच्या खाली जाता येत नाही, पण खिंडीच्या कड्यावरून खाली डोकावल्यावर जी निळाई दिसते ती बघून खाली जायची हौस आपोआपच जिरते.

समोर दहा-बारा शार्क. पोहत होते म्हणावं, तर शेपट्या जेमतेम हलत होत्या. ऐन दुपारी घारी जशा पंख न हलवता आभाळात टांगलेल्या असतात, तसे प्रवाहात टांगलेले. नंतर वाचलं की फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाच्या खिंडीत संशोधकांना हेच दिसलं होतं: उतारावरून वर चढणाऱ्या पाण्यावर स्वार होऊन हे शार्क ताकद वाचवतात. म्हणजे घारीची उपमा अगदीच वाया गेली नाही.

बोटीवर आल्यावर पहिला वाद लांबीचा.

“मावशी, मास्कमधून सगळं एक-तृतीयांश मोठं दिसतं. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो ना! तुझे तीन मीटर म्हणजे खरे सव्वादोन.”

“मग तू दीड का केलंस?”

“वरचा पाऊण मीटर भीतीचा.”

यावर काय बोलणार! बावन्नाव्या वर्षी ॲडव्हान्स्ड कोर्स केलेल्या बाईने सव्विसाव्या वर्षीच्या इन्स्ट्रक्टरशी वाद घालू नये.

रंगाचीही तीच गत. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, मग नारिंगी, पिवळा. पंचवीस मीटरवर जो तो राखाडी-निळा. त्यामुळे ‘ग्रे रीफ शार्क’ या नावातल्या ग्रेचा ओळख पटवायला काडीचा उपयोग नाही. उपयोग होतो तो शेपटीचा. ग्रे रीफच्या शेपटीच्या मागच्या कडेला सलग काळा पट्टा असतो, साडीला काठ असावा तसा. पाठीवरचा पर मात्र साधा, टोकाला काळं नाही. पाठीवरच्या पराचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळं आणि त्याच्याखाली फिकट पट्टी दिसली, तर तो ब्लॅकटिप. तो सहसा उथळ पाण्यात भेटतो; आमच्या बोटीमागे गुडघाभर पाण्यात फिरणारी पिल्लं त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याच खिंडीत मी काठ शोधत बसले आणि गंमत म्हणजे भीती वाटायचं विसरले. गाइडने एक मात्र बजावलं होतं. ग्रे रीफने पाठीची कमान केली, नाक वर उचललं, छातीचे पर खाली पाडले आणि सगळं अंग वेळावत पोहू लागला, तर तो ‘मागे हटा’ म्हणतोय. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ही मुद्रा बारकाईने टिपली आहे. आमच्यासमोर कुणी कमान केली नाही. एक मादी तेवढी हात-दीड हातावरून गेली (मास्कचा हिशेब धरून दोन हात म्हणा). कल्ल्यांच्या पाचही फटी मोजता आल्या.

व्हाइटटिपने मात्र मला पार जिंकलं. एका थिलावर, म्हणजे पाण्यात बुडालेल्या खडकाच्या डोंगरावर, कपारीत तो वाळूवर पोट टेकून पडला होता. शार्क थांबला की मरतो, हे मी शाळेपासून ऐकत आले होते. हा गडी आरामात तोंड उघडत-मिटत कल्ल्यांवरून पाणी खेळवत होता. दिवसा लोळायचं आणि रात्री प्रवाळांच्या भेगांत घुसून शिकार करायची, असा त्याचा दिनक्रम. चपटं डोकं, नाकपुड्यांपाशी सुरळी केल्यासारखे दोन पापुद्रे आणि मांजरासारखी उभी बाहुली. त्या बाहुलीने तो माझ्याकडे बघत होता. बघत होता, एवढंच. नावाचा घोळ इथेही आहेच: पाठीवरच्या पराला आणि शेपटीच्या वरच्या टोकाला पांढरं असलं तर व्हाइटटिप; छातीच्या परांसकट सगळ्यांच्या कडा पांढऱ्या असल्या आणि अंग चांगलं भरदार असलं तर सिल्व्हरटिप.

रात्री नर्स शार्क पाहिले. मिशांसारखे दोन लोंबते तंतू, पाठीवर जवळजवळ सारख्या आकाराचे दोन पर. ओळखायला सगळ्यांत सोपे. पण टॉर्चच्या झोतांची आणि माणसांची इतकी गर्दी होती, की मला डायव्हरांच्या पायांतल्या फिनच्या लाथा शार्कपेक्षा जास्त लागल्या. पुन्हा जाणार नाही.

दक्षिण अरी अटोलात व्हेल शार्क. हा जगातला सगळ्यांत मोठा मासा, त्यामुळे ‘हा कोण’ हा प्रश्नच नाही; इथे ‘हा कुठला’ असं विचारतात. गाइडने उडी मारून आधी त्याच्या डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या मागचा फोटो घेतला. तिथले ठिपके प्रत्येकाचे वेगळे. ते जुळवायची पद्धत मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी बनली होती. या भागात दिसतात ते बहुतेक वयात न आलेले नर. आमचाही तसाच, पाचेक मीटरचा. (मी सात म्हणणार होते, पण आता हिशेब येतो.) नियम असा की अंगापासून तीन मीटर दूर राहायचं आणि शेपटीपासून चार. ती शेपटी एकदा डावीकडून उजवीकडे गेली आणि दोन पळांत त्याने मला मैलभर मागे टाकलं.

शेवटच्या पहाटे रसधू अटोलला हॅमरहेडसाठी, म्हणजे हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कसाठी, उतरलो. उजाडायच्या आत उडी, भिंत सोडून मोकळ्या निळाईत, वर-खाली काही नाही. मालदीवने २०१०मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी हे दर्शन नशिबाचंच. वीस मिनिटं निव्वळ निळं. मग भाचीने दोन्ही मुठी कानांशी लावल्या: हॅमरहेड! शार्कसाठी कपाळावर उभा तळहात, याच्यासाठी दोन मुठी. तिने बोट दाखवलं तिकडे मी वळेपर्यंत आकृत्या विरघळत होत्या. डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध खाच असते, ती बघायची होती. दिसलं ते मागचं टोक.

नाश्त्यानंतर लॉगबुकं भरली. तिने लिहिलं, ‘स्कॅलप्ड हॅमरहेड, ४.’ मी लिहिलं, ‘शार्क, १. शेपूट पाहिली. काठ नव्हता.’ गाइडने दोन्ही पानांवर शिक्का मारला.