इंजेरा पहिला, वाचे दुसरा

नैरोबीला बदली झाली तेव्हा सोलापुरात ज्याने त्याने एकच सल्ला दिला: पीठ, मसाला, चटण्या भरपूर ने. नेल्या. तिथल्या पार्कलँड्स भागात राहायला लागल्यावर कळलं की कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, फरसाणाची तर रेलचेल. मनात आणलं तर माणूस इथे वर्षानुवर्षं राहून स्थानिक जेवणाचा घासही न घेता परत जाऊ शकतो. असे लोक मला भेटले आहेत. ‘इथलं जेवण बेचव’ हे त्यांचं ठाम मत असतं, आणि ते उगालीच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याच्या, एका घासावर बेतलेलं असतं.

माझं काम पंपांच्या देखभालीचं, त्यामुळे केनियाबाहेरही इथिओपियातलं आदिस अबाबा, घानातलं अक्रा, नायजेरियातलं लागोस अशी फिरती असते. सुरुवातीलाच एक पद्धत ठरवली. हॉटेलच्या बुफेला हात लावायचा नाही. साइटवरचा फिटर किंवा ड्रायव्हर दुपारी जिथे जेवतो तिथेच जायचं. अशा खानावळीला केनियात किबांडा म्हणतात, घानात चॉप बार, नायजेरियात बुका. आणि कुठलाही पदार्थ दुसऱ्यांदा खाल्ल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. पहिल्या खेपेला जीभ चव घेतच नाही, नुसती ओळख शोधत बसते.

उगाली दुसऱ्या खेपेलाच कळली. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात लाकडी पळीने घोटून घोटून घट्ट गोळा करतात, आणि त्यात मीठ घालत नाहीत. आपली माणसं तिथेच नाक मुरडतात. पण ती एकटी खायची वस्तूच नाही. बोटांनी गोळा वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात सुकुमा विकी उचलायची, म्हणजे कांदा-टोमॅटोवर परतलेला कोबीच्या कुळातला हिरवा पाला. सोबत विक्टोरिया सरोवराकडचा तळलेला तिलापिया असला तर मी दोन वेळा वाढून घेतो. तरी मक्याची उगाली पोटाला जड जाते. मला आवडते ती पश्चिम केनियातली तपकिरी, ज्वारीची किंवा नाचणीची. मका इथे पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आला. त्याआधीची धान्यं ही. आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी ही सगळी मुळात आफ्रिकेतलीच पिकं. भाकरीवर वाढलेल्या माणसाने आफ्रिकन जेवणाला परकं म्हणावं हे जरा विनोदीच आहे.

गंमत अशी की जे जेवण आपल्या सगळ्यात जवळचं, तेच माझ्या आवडीच्या यादीत मागे पडलं. केनियातली चपाती मैद्याची, तेल लावून पदर काढलेली, चवीला उत्तम; पण ताटात आली की मन लगेच घरच्या पोळीशी मापं काढू लागतं. पिलाऊचंही तेच. झांझिबारला फोरोधानीच्या बागेत रात्री उरोजो खाल्लं: हळदीचं आंबट पातळ सार, त्यात भजी, बटाटा, कसावा नावाच्या कंदाचे कुरकुरीत काप. छान होतं, पण मला सारखं वाटत राहिलं की यात थोडी कोथिंबीर हवी. या किनाऱ्यावरचा एकच पदार्थ त्यातून सुटला, मोंबासाचा सकाळचा नाश्ता. वेलदोडा आणि नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाचे तळलेले त्रिकोणी महाम्री आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी तूर, म्हणजे म्बाझी. तुरीचं डाळीखेरीज दुसरं काही होतं हे मी तिथे शिकलो. हा माझा तिसरा नंबर.

पहिला नंबर आदिस अबाबाने घेतला. खरं म्हणजे पहिल्या खेपेला इंजेरा, म्हणजे टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, मला मुळीच आवडला नव्हता. थंड, ओलसर, आंबट. सगळे सांगत होते, ‘तुमच्या आंबोळीसारखा आहे’, आणि तेवढ्यानेच घोटाळा झाला, कारण मी गरम आंबोळीची वाट पाहत होतो. दुसऱ्या वेळी शुक्रवार होता. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरआधी सलग 55 दिवस. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप, लोणी सगळं वर्ज्य. त्यामुळे त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक खानावळीत ‘यत्सोम बेयायनेतू’ मिळतं: मोठ्या इंजेऱ्यावर मसुराचा लालभडक वोट म्हणजे घट्ट रस्सा, पिवळी मटारची डाळ, गोमेन नावाची पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट. शाकाहारी माणसाला एवढं बिनघोर जेवण आफ्रिकेत मला तरी दुसरीकडे मिळालं नाही.

त्यातही शिरो. हरभऱ्याचं मसालेदार पीठ पाण्यात शिजवून मातीच्या भांड्यात रटरटत आणतात. त्यातला बेर्बेरे मसाला मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा आणि तिथल्या वेलदोड्याचा. वोटासाठी कांदा आधी तेलाशिवाय, नुसता हलवत हलवत गाळ होईपर्यंत परततात. एका खानावळीच्या मागच्या दारी इंजेरा भाजताना पाहिला. टेफचा दाणा खसखशीपेक्षा मोठा नसेल. त्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात, वर साचलेलं पाणी ओततात, मग थोडं पीठ शिजवून पुन्हा त्यातच मिसळतात. बाई तापलेल्या रुंद मिताडवर, म्हणजे तव्यावर, कडेकडून मध्याकडे गोल धार धरत गेल्या, झाकण ठेवलं. उलटायचं नाही. झाकण काढलं तेव्हा वरचा भाग भोकाभोकांनी भरला होता. रस्सा धरून ठेवतात ती हीच भोकं, आणि शेवटी तळाशी राहिलेला, सगळे वोट पिऊन मऊ पडलेला तुकडा हा खरा प्रसाद. सोबतच्या फिटरने तो घास करून माझ्या तोंडात भरवला. याला गुर्शा म्हणतात आणि नाही म्हणायची सोय नसते.

जेवणानंतर त्याने मर्काटो बाजारात नेलं. तिथे एका पोत्यात बारीक, काळे, चकचकीत दाणे दिसले. मुठीत घेतले, वास घेतला. कारळे! तिथे त्याला नूग म्हणतात, त्याचं मूळही इथिओपियाचंच, आणि उपासाच्या स्वयंपाकाला त्याचं तेल वापरतात. मी बॅगेतून कारळ्याची चटणी नैरोबीला नेली होती, म्हणजे त्या बियाण्याच्या माहेरच्या शेजारी.

अक्राची गोष्ट वेगळी. तिथे शाकाहारी माणसाने डोळे उघडे ठेवावेत. भाजीच्या रश्शातही सुकी मासळी असते, आणि शितो नावाच्या काळ्या चटणीत तर सुकी मासळी आणि जवळा हवाच. मी मासे खातो म्हणून निभावलं. सकाळी रस्त्याकडेला वाचेसाठी रांग लागते. चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवताना ज्वारीची लालसर वाळकी पानं घालतात, त्याने भाताला तपकिरी-लाल रंग चढतो. पानात तो भात, वर भाजलेल्या कसाव्याचा रवा म्हणजे गारी, उकडलेलं अंडं, शितो, आणि हो, स्पॅगेटी. भातावर शेवया कशाला, हा प्रश्न मला अजूनही पडतो, पण काढून ठेवल्या तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दुसरा नंबर निर्विवाद.

फुफू मात्र जमलं नाही. कसावा आणि कच्ची केळी कुटून केलेला तो गोळा चावायचा नसतो, गिळायचा असतो. माझे दात ऐकत नाहीत. सोबतचं शेंगदाण्याचं सूप वाटीभर नुसतंच प्यायलो, सोलापूरकराला ते जड जाणार नव्हतंच. लागोसातलं ओग्बोनोच्या बियांचं सूप बुळबुळीत म्हणून दोनदा खाऊन सोडलं. तिथला अकारा, म्हणजे सालं काढलेली चवळी वाटून, फेटून तळलेले वडे, गरम असेपर्यंत कितीही चालतात. आणि जॉलॉफ या टोमॅटोच्या भातावरून घाना आणि नायजेरिया यांच्यात जे कायमचं भांडण आहे, त्यात मी नायजेरियाच्या बाजूने: मोठ्या पातेल्यात तळाला किंचित लागलेल्या भाताचा धुरकट वास मला जास्त आवडतो. अक्रातल्या मित्रांना हे सांगितलेलं नाही.

बायकोला ही क्रमवारी मान्य नाही. ती शाकाहारी, आणि तिच्या मते सगळ्यात वर केनियातल्या किकुयू लोकांचा मुकिमो: बटाटा, मटार, मका आणि भोपळ्याची पानं एकत्र घोटलेली. मला ते आजाऱ्याचं जेवण वाटतं; ती म्हणते मला तिखटाशिवाय चव कळतच नाही. इंजेरा आम्ही नैरोबीतल्या इथिओपियन खानावळीतून आणतो, शिरोचं पीठ घरी असतं. सध्या शुक्रवारी इंजेरा, रविवारी मुकिमो असा तह आहे, आणि रविवारी मला कारळ्याची चटणी घ्यायची मुभा आहे.