काय बदललं, तेवढंच बघा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला आधी संगणक कक्ष आठवला. आज संगणक दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे आणि त्याचा पाया आमच्या संगणकाच्या सरांनी घातला.

नववीत असताना कक्षातल्या एका संगणकाला ६४ एमबीची आणखी एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बसवली. बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच, आणि आतून एकसारखी लांब बीप. कुणी म्हणालं मॉनिटर गेला, कुणी म्हणालं मदरबोर्ड जळला. सर म्हणाले, "मघाशी चालू होता ना? मग मघापासून काय बदललं, तेवढंच बघा."

त्यांनी प्लग काढला, बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि नवी रॅम काढली. जुन्या रॅमवर संगणक लगेच सुरू झाला. म्हणजे जुनी रॅम आणि बोर्ड दोन्ही ठणठणीत. मग त्याच स्लॉटमध्ये नुसती नवी रॅम. पुन्हा बीप! तिच्या सोनेरी पट्ट्यांवर बोटांचे डाग होते. सरांनी खोडरबर हलक्या हाताने फिरवला, भुगा ब्रशने झटकला आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देऊन ती बसवली. दोन्हीकडच्या क्लिपा टक्क करून लागल्या. या खेपेला बीप नाही. शेवटी दोन्ही रॅम एकत्र. स्क्रीनवर आकडे चढत गेले आणि १३१०७२ वर थांबले. १२८ एमबी, केबीमध्ये मोजलेले.

एका वेळी एकच बदल, ही त्यांची शिस्त मी आजही मोडत नाही. तेव्हाच्या रॅमला १६८ पिना होत्या, डीडीआर४ आणि डीडीआर५ या अलीकडच्या रॅमना २८८ आहेत. पिना सारख्या असल्या तरी खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. चार स्लॉट असतील तर दोन रॅम बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. बोर्डाचं मॅन्युअल मात्र बघावंच. डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड त्या वेळात नव्या रॅमशी जुळवून घेत असतो आणि नेमकं तेव्हाच घाबरून लोक बटण दाबून बंद करतात. एवढं करूनही अडलं तर सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बोर्डाने साठवलेल्या सेटिंग्ज पुसायच्या. सुरू होऊन मध्येच हँग होत असेल, तर एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग बंद करून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी घेणारा प्रोग्राम, लावायची.

त्या दिवशी सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला ती रॅम काढून पुन्हा बसवायला लावली. बिघडेल म्हणून कुणाला मागे उभं केलं नाही. सर, तुमचे मनापासून आभार. आणि शाळेला एक विनंती: एखादा जुना संगणक मुलांना उघडायला म्हणून मुद्दाम ठेवा. तो देण्याची आणि त्यासाठी येऊन बसण्याची माझी तयारी आहे.