विहिरीची माती

मोजणीच्या दिवशी वकिलाचं शेतात काही काम नसतं. भूकरमापक असतो, तलाठी असतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या असतात. तरी मी गेले. बारा वर्षं चालवलेला वाटपाचा दावा जमिनीवर उतरताना मला बघायचा होता.

अशील साठी ओलांडलेली, मी तिला मावशी म्हणते. सातारा जिल्ह्यातलं गाव, ३ एकर २० गुंठे वडिलोपार्जित जमीन, एकच भाऊ. आई आधी गेली, वडील २००२ मध्ये. मावशीचं लग्न १९७८ चं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ ची, तिने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तिच्या आधारावर आम्ही २०११ ला दावा लावला. तो चालू असतानाच २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलवती प्रकरणात सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडीलही हयात असले पाहिजेत. पुढच्याच वर्षी आमचा निकाल लागला. वडील २००२ लाच गेलेले, म्हणून चौथा हिस्साच, ३५ गुंठे.

अपील केलं. ते पडून असताना ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणाचा निकाल आला. मुलीचा हक्क जन्मानेच, वडील कधी वारले याचा त्याच्याशी संबंध नाही. भाऊ १९९८ चं तोंडी वाटप सांगत होता, पण त्याचा ना नोंदलेला दस्त होता, ना फेरफार. तोही मुद्दा गेला आणि अपिलात निम्मं मिळालं. ३५ चे ७० गुंठे. निकालपत्र मी मोबाइलवर, कोर्टाच्या पायरीवर उभं राहून वाचलं होतं. तसा दिवस वकिलीत पुन्हा आलेला नाही.

पण माझ्या मनातून जात नाही तो उलटतपास.

बहिणीने दावा लावला की समोरचे वकील ठरलेले प्रश्न विचारतात. लग्नाचा खर्च कुणी केला? किती तोळे घातले? दिवाळीला साडी येते ना? जन्माने मिळणाऱ्या हक्काशी याचा काडीचा संबंध नाही. तरी विचारतात, कारण ते मागच्या बाकावर बसलेल्या गावाला ऐकवायचं असतं. मी हरकत घेतली, ती नोंदली गेली, प्रश्न चालूच राहिले. निकालांचे परिच्छेद तोंडपाठ म्हणणारे माझे कितीतरी सहकारी स्वतःच्या बहिणींकडून हक्कसोडपत्रं लिहून घेऊन बसले आहेत. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

मावशी पिंजऱ्यात ताठ उभी होती. म्हणाली, "दोन तोळं घातलं. आन् बहात्तरच्या दुष्काळात हीर खणली तवा मी बारा वर्साची. शाळा सोडून दोन उन्हाळं पाटीनं माती व्हायली. त्यो शाळंत जात हुता. ह्ये बी लिवा."

जबाबात उतरलं ते एवढंच: "हे म्हणणे खरे आहे की, माझ्या लग्नात दोन तोळे सोने घातले."

मी तेव्हा पुन्हा उठून ते वाक्य नोंदवून घ्यायला हवं होतं. कायद्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडला नसता, म्हणून मी बसून राहिले.

हुकूमनामा झाला म्हणजे जमीन मिळाली असं लोकांना वाटतं. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी न्यायालय करतच नाही. कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. अपिलानंतर त्यात आमची दोन वर्षं गेली. प्रत्येक टेबलावर कुणी ना कुणी मावशीला विचारलंच, "भावाशी मिटवून का घेत नाही?" भावाला हे कुणी विचारल्याचं मला माहीत नाही.

वाटप तक्त्यात दोन भाग पाडले होते. वरच्या भागात विहीर, खालच्याला आठवड्यातून तीन दिवस पाण्याची पाळी. शेजारच्या खातेदाराच्या नातवाने चिठ्ठी उचलली. वरचा भाग मावशीला.

भाऊ आंब्याखाली बसून होता. त्याने सही केली, काही बोलला नाही. चार तास आम्ही उन्हात होतो, शंभर पावलांवर त्याचं घर, पण तिथून पाण्याचा तांब्या आला नाही. हुकूमनाम्यात तो मागता येत नाही. ताबा पावतीवर सही करून मावशी विहिरीकडे गेली, कठड्याला हात लावून बराच वेळ आत बघत उभी राहिली. मग पोहऱ्याने पाणी काढलं, आधी मला दिलं, नंतर स्वतः प्यायली.

भाऊबीज झाल्यावर ती ऑफिसला आली. त्या वर्षी बोलावणं नव्हतं. भाचीच्या साखरपुड्याचंही नव्हतं.

"वकीलबाई, त्येला परत द्यायचं म्हणलं तर कसं करत्यात?"

मी सांगितलं, आता हक्कसोडपत्र होत नाही, वाटप झालंय. बक्षीसपत्र करावं लागेल, मुद्रांक शुल्क भरावं लागेल. मी घाई करू नका म्हणाले. जमीन तिची आहे, द्यायचा हक्कही तिचाच, हे मला कळतं. तरी माझा आवाज चढला होता.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "समदं न्हाई. हीर आन् तिच्यापुरती जागा माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. बाकीचं त्येला. असं हुतंय का?"

तुकडेबंदीचं, म्हणजे जमिनीचा एवढा लहान तुकडा कायद्याने पाडता येतो का ते, बघावं लागेल, असं मी म्हणाले. सोमवारी ती येणार आहे. मसुदा मी अजून लिहायला घेतलेला नाही.