काळ्या मातीचा आशिक

तुर्कस्तानात साज हे तंतुवाद्य घेऊन स्वतःची कवने गाणाऱ्या लोककवीला ‘आशिक’ म्हणतात. मराठीत हा शब्द आपण निराळ्या अर्थाने वापरतो. आशिक वेसेल यांच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ खरे आहेत, असे मला मनापासून वाटते.

वेसेल यांचा जन्म 1894 साली शिवास प्रांतातल्या सिव्रिआलान या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. सातव्या वर्षी त्यांना देवी आल्या आणि त्यात एक डोळा गेला. दुसरा पुढे एका अपघातात गेला. मुलाचे मन रमावे म्हणून वडिलांनी हातात साज दिला. कित्येक वर्षे ते जुन्या कवींचीच पदे गात राहिले. 1931 साली कवी आहमेत कुत्सी तेजेर यांनी शिवास येथे लोककवींचा मेळावा भरवला, तेव्हा कुठे त्यांची ओळख गावाबाहेर पोहोचली. तुर्की प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त रचलेले, त्याचे संस्थापक अतातुर्क यांच्यावरील कवन प्रत्यक्ष त्यांनाच ऐकवावे, या ओढीने ते एका सोबत्यासह राजधानी अंकाराला पायी निघाले. त्या प्रवासाला तीन महिने लागले. भेट झाली नाही, पण कवन वर्तमानपत्रात छापून आले. पुढे खेड्यांसाठी शिक्षक घडवायला सरकारने उभारलेल्या ‘ग्राम-संस्था’ नावाच्या शाळांमध्ये त्यांनी साज शिकवला, आणि मातृभाषेच्या सेवेबद्दल 1965 साली संसदेने खास कायदा करून त्यांना दरमहा 500 लिरांचे मानधन मंजूर केले.

या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मला त्यांचे ‘काळी माती’ हे गीत अधिक मोलाचे वाटते. कित्येकांना जिवलग म्हणून कवटाळले, पण खरी निष्ठावंत सखी ठरली ती काळी मातीच, असे ते त्यात सांगतात. कुदळीने आणि फावड्याने मी तिचे पोट फाडले, नखांनी तिचा चेहरा ओरबाडला, तरी तिने गुलाब देऊनच माझे स्वागत केले. एक बी दिले, तर तिने चार मळे दिले. आपला शेतकरी जिला ‘काळी आई’ म्हणतो, तिलाच हा कवी प्रेयसी म्हणतो. ज्याला मातीचा रंग बालपणापासून दिसला नाही, त्याने तिला ‘काळी’ म्हणावे आणि ती मात्र नखांच्या टोकांनी ओळखावी, हे वाचताना मी दर वेळी थांबतो.

21 मार्च 1973 रोजी सिव्रिआलान येथेच त्यांचे निधन झाले, आणि त्याच गावच्या मातीत त्यांना दफन करण्यात आले.