नवऱ्याला आणायचंय? आधी त्याला फोटोत शोधा

नवरा परदेशी आहे आणि त्याला माझ्याकडे राहायला आणायचंय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, लग्न झालंय ना मग कसला प्रॉब्लेम? मलाही आधी तसंच वाटायचं, सर्टिफिकेट जोडायचं, फी भरायची, विषय संपला. पण सर्टिफिकेटवरून लग्न झालंय एवढंच कळतं, ते खरंखुरं आहे की व्हिसासाठी उरकलंय हे कळत नाही, आणि ऑफिसरला नेमकं तेच बघायचं असतं.

मग एका रविवारी आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर पुरावे गोळा करायला बसलो. चार वर्षांचे फोटो उघडले तर नवरा कुठेच नाही! कारण फोटो काढणारा तोच, त्यामुळे जिकडे तिकडे मी एकटीच दात काढून उभी. दोघं एकत्र असलेले कसेबसे अकरा सापडले, त्यातल्या तिनात त्याचं फक्त कोपर. चॅटचं तर विचारूच नका, मी पंधरा ओळी लिहिणार आणि हा पठ्ठ्या "हं". स्क्रीनशॉट काढले तर वाटेल बाई तक्रार नोंदवतेय. शेवटी कॉलची यादीच जोडली, रोज रात्री एक-दीड तास, ती आमच्या चॅटपेक्षा बरीच बोलकी निघाली. त्यात फॉर्मवर पहिली भेट मी मार्च लिहिली आणि त्याने फेब्रुवारी, कारण मित्राच्या पार्टीत लांबून बघितलं होतं ते तो धरतो, मी धरत नाही. यावर अर्धा तास भांडलो. पण असल्या तारखा जुळल्या नाहीत तर इंटरव्ह्यूत उगाच प्रश्न वाढतात, म्हणून सबमिट करायच्या आधी दोघांचे फॉर्म शेजारी ठेवून वाचा.

लग्न न करता राहणाऱ्यांचं अजून त्रांगडं, कारण पार्टनर कोणाला म्हणायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. कॅनडात सलग १२ महिने एकत्र राहिलेलं लागतं, ऑस्ट्रेलियात पण साधारण १२ महिन्यांचं नातं, मात्र तिथल्या राज्यात नातं रजिस्टर केलं तर ती अट सुटते. ब्रिटन २ वर्षांचं नातं मागतं. अमेरिकेत नुसता पार्टनर चालतच नाही, लग्न तरी करा नाहीतर फियान्से व्हिसा, म्हणजे लग्न ठरलेल्यांचा व्हिसा घ्या, त्यातही अर्जाआधीच्या २ वर्षांत प्रत्यक्ष भेटलेलं हवं आणि तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न.

पैशाचं पण तसंच. ब्रिटनमध्ये ११ एप्रिल २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं, आधी १८,६०० होतं, म्हणजे एका फटक्यात केवढी उडी बघा, कमी पगाराच्या माणसाने प्रेमच करू नये की काय! कॅनडात बायको-नवऱ्यासाठी सहसा ठराविक उत्पन्नाची अट नाही पण ३ वर्षं त्याचा खर्च माझ्यावर असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकेत स्पॉन्सरचा, म्हणजे जोडीदाराला बोलावून घेणाऱ्याचा पगार कमी पडला तर दुसरा कोणीतरी जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही करू शकतो, फक्त ती सही म्हणजे कायदेशीर जबाबदारी आहे, मित्राला चहा पिता पिता मागायची गोष्ट नाही.

भाषेचं वेळेत बघा. जर्मनीला जाणाऱ्या बहुतेकांना ए-१ लेव्हलचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं जर्मन लागतं आणि परीक्षेची तारीख आपल्याला हवी तेव्हा मिळेलच असं नाही.

आणि व्हिसा आला म्हणजे सुटलो असंही नसतं हं. ब्रिटनचा पहिला ३३ महिन्यांचा, मग परत अर्ज. अमेरिकेत लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्डही २ वर्षांचंच, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत पुन्हा सगळे पुरावे. तेव्हा मागतात ते एकाच पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेले कागद, भाडेकरार, बँक अकाउंट, बिलं. आता नवरा एकदाचा इथे आलाय, आणि आमच्याकडे गेल्या आठवड्यात पहिलं लाइट बिल आलं दोघांच्या नावाने, इतका आनंद झाला की ते हातात धरून फोटो काढला. काढला अर्थात त्यानेच, त्यामुळे फोटोत मी आणि बिल.