धुताना हात लागलेला कळतो का?

मंगळवारी संध्याकाळी मामा दवाखान्यात आले ते एका बाजूला कलूनच. मस्जिद बंदरला माथाडी, वय 44, मूळचे माण तालुक्यातले, राहायला घोडपदेवला. सोबत कॉलेजात जाणारा मुलगा. "मणक्यात गॅप आलाय म्हणं ताई." हा 'गॅप' कोण वाटतं देव जाणे. दोनदा कुणाकडून तरी कंबर मोडूनही घेतलेली. गॅप नसतो आणि गादी सरकतही नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं चिवट वेष्टण फाटतं, आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेवर बसतो.

उजवा पाय सरळ उचलला तर 40 अंशांवर कळ थेट पोटरीत. अंगठा वर ओढायला ताकद कमी, म्हणजे बहुधा एल४-एल५, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती. एमआरआयला पाठवलं, तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय निभतं, बाहेर आलेला गर शरीर बरेचदा स्वतःच जिरवतं, हे सांगून धीर दिला. मग सवयीने आमचं पत्रक पुढे केलं: वजन उचलताना गुडघ्यात वाका. मामा हसले. गोणी ते जमिनीवरून उचलतच नाहीत. ट्रकमधले दोघं ती वरून पाठीवर सोडतात, 50 किलोची, आणि हे वाकलेलेच चालायला लागतात. ते पत्रक काढणाऱ्याने गोदाम पाहिलेलं नसावं. मीही तोवर पाहिलं नव्हतं.

फॉर्मवर एक ओळ असते, लघवी-संडासची तक्रार. विचारलं, "लघवीला नीट होते ना मामा?" मुलगा शेजारी उभा. "व्हतीय की." मी 'नाही' लिहिलं.

गुरुवारी खुशीत आले. दुखणं निम्म्यावर! शेक द्यायला पालथं झोपवलं, पायजमा जरा खाली घेतला, तर माकडहाडापाशी रुपयाएवढा फोड, पाण्याने टम्म भरलेला. रबरी पिशवीवर बसून शेकलं होतं. "कळलंच न्हाय ताई."

माझ्या पोटात गोळा आला. मुलाला चहा आणायला पिटाळलं आणि आडवळण सोडून विचारलं, "संडासला धुताना हात लागलेला कळतो का?"

बराच वेळ उशीत तोंड. मग, "कालपास्नं न्हाय." लघवी जोर लावून थेंबथेंब, सकाळपासून तीही नाही. आता डाव्या पायालाही मुंग्या.

मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. लघवी-संडासचा ताबा आणि तिथली जाणीव याच नसांकडे. तो पुरता दाबला गेला की तास मोजायचे असतात, आठवडे नाही. दुखणं कमी झालं यावर मी खूश व्हायला निघाले होते.

चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं, टॅक्सीत बसवलं, परळच्या मोठ्या हॉस्पिटलात स्वतः सोबत गेले. अपघात विभागातल्या रेसिडेंट मुलीने चिठ्ठी एकदाच वाचली आणि उठलीच. डोळ्यांत झोप होती, पण लघवीची नळी घालण्यापासून एमआरआयपर्यंत तिने कुणाला बसू दिलं नाही. पहाटे ऑपरेशन.

तीन महिने झाले. पाय सुधारलेत. लघवीसाठी मात्र अजून दिवसातून चारदा स्वतः नळी घालावी लागते. बंदरावरचं काम सुटलं.

परवा आले तेव्हा विचारलंच, "मंगळवारी पोराला बाहेर काढून विचारलं असतं, तर सांगितलं असतं?" तेव्हा अंगठा सोडला तर पायात जोर होता, बधिरपणा बुधवारचा, असं माझा हिशेब म्हणतो. त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं.

"तिथं मुंग्या सोमवारपास्नंच होत्या वो. पर बाईमाणसाला कसं सांगायचं?"